वाळू ते मोबाईलची चिप: सगळा खेळ सिलिकॉनच्या बंधाचा

रत्नागिरीत मांडवीला सूर्यास्ताचे फोटो काढत होतो. शेजारच्या पोराने विचारलं, "दादा, चिप वाळूपासून बनते ना? मग ही चालेल?"

ही नाही चालणार. मांडवीची वाळू काळी दिसते ती इल्मेनाइटसारख्या खनिजांमुळे. इल्मेनाइटमध्ये लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन असतो. चिपला लागतं सिलिकॉन, आणि ते काढतात क्वार्ट्झच्या खड्यांतून. तिथे सिलिकॉनचा प्रत्येक अणू चार ऑक्सिजनला इतका घट्ट बांधलेला असतो की वीज वाहतच नाही. ही पकड सोडवायला कार्बनसोबत भट्टीत सुमारे २००० अंश सेल्सियस तापमान लागतं.

मग शुद्ध करून त्याचा स्फटिक बनवतात. सिलिकॉनच्या बाहेरच्या कक्षेत ४ इलेक्ट्रॉन. प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी एकेक इलेक्ट्रॉन वाटून घेतो. हाच सहसंयुज बंध. हिऱ्यातली रचनाही अगदी अशीच, पण तिथे बंधातून इलेक्ट्रॉन सोडवायला ५.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. सिलिकॉनमध्ये फक्त १.१. (बंध तुटला म्हणजे अणू सुटे होत नाहीत हं, एक इलेक्ट्रॉन निसटतो आणि मागे रिकामी जागा राहते.)

डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा १.८ ते ३.१. म्हणजे कुठलाही रंग सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन सोडवू शकतो, आणि कॅमेऱ्याचा सेन्सर असे सुटलेले इलेक्ट्रॉनच मोजतो. करून बघा: सेल्फी कॅमेरा चालू करून टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबा. बऱ्याच फोनवर रिमोटच्या टोकाला जांभळट उजेड दिसेल. तो अवरक्त प्रकाश, ऊर्जा साधारण १.३. डोळ्याला दिसत नाही, सिलिकॉनला पुरतो.

प्रोसेसरमध्ये मात्र प्रकाशाची वाट बघत नाहीत. किंचित फॉस्फरस मिसळतात. त्याच्याकडे ५ इलेक्ट्रॉन. चार बंधात अडकतात, पाचवा मोकळा. बोरॉनकडे तीनच, म्हणून तिथे जागा रिकामी राहते. ट्रान्झिस्टर या दोन्हींच्या जोडणीतून बनतो.

आता मे महिन्यातला त्रास. उष्णतेनेही बंध सुटतात. शुद्ध सिलिकॉनमध्ये दर १० अंशांमागे मोकळे इलेक्ट्रॉन जवळपास दुप्पट होतात. चिपमध्येही तापमानाबरोबर नको तिथून वीज गळते, त्याने ती आणखी तापते. म्हणून गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला फोन स्वतःच वेग कमी करतो, गेम अडकायला लागतो. अशा वेळी तो फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर आपल्या दमट हवेत आत पाणी धरेल. कव्हर काढा आणि सावलीत ठेवा.