फटफटी परत आली, आवाज मागे राहिला

#थ्रेड

१/ समृद्धी महामार्ग वाशीम जिल्ह्यातील कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव या तालुक्यांच्या शिवारातून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. दुचाकीला प्रवेशच नाही. दुचाकीस्वाराला कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, मेहकर हा जुनाच रस्ता धरावा लागतो. त्या रस्त्यावर अलीकडे एखादी मरून रंगाची, चकाकत्या टाकीची, गोल दिव्याची मोटारसायकल दिसते. पाहणाऱ्याला ती १९६५ सालची वाटते. तिच्या पाटीवर मात्र एमएच-३७ लिहिलेले असते.

२/ ही पाटीच तिचे वय सांगून टाकते. वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा निघाला तो १ जुलै १९९८ रोजी. ज्या गाडीचे रूप या मोटारसायकलीने घेतले आहे, तिचा कारखाना त्याच्या दोन वर्षे आधीच, १९९६ साली, बंद पडला होता. म्हणजे या भागातील जुनी जावा किंवा येझदी अकोल्याच्या एमएच-३० क्रमांकाची असेल, नाहीतर त्याही आधीच्या तीन अक्षरी क्रमांकाची.

३/ ही कथा सुरू होते प्रागमध्ये. फ्रांटिशेक यानेचेक हा मूळचा शस्त्रनिर्माता. १९२९ साली त्याने वाँडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकल विभाग विकत घेतला आणि दोन नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव केले. इंडोनेशियातील जावा बेटाशी या नावाचा काहीही संबंध नाही, हे एकदा स्पष्ट केलेले बरे.

४/ दुसऱ्या महायुद्धात नाझी अंमलाखाली असताना तेथील अभियंत्यांनी गुपचूप एका नव्या गाडीची आखणी केली. युद्ध संपताच, १९४६ साली, ती जगासमोर आली. मागच्या चाकाला स्प्रिंग असलेल्या या गाडीला लोकांनी ‘पेराक’ म्हटले. अंधाऱ्या प्रागमध्ये छपरांवरून उड्या मारत जर्मन शिपायांना हुलकावणी देणाऱ्या एका ‘स्प्रिंगमाणसा’ची दंतकथा तेव्हा लोकांच्या तोंडी होती, त्याचेच हे नाव. २०१८ साली भारतात ‘जावा पेराक’ जाहीर झाली, तेव्हा किती ग्राहकांना हा संदर्भ ठाऊक होता, कोण जाणे!

५/ भारतात जावा आली ती मुंबईच्या वाटेने. इराणी हॉटेलातला ब्रून-मस्का आणि चहा महाराष्ट्राला परिचित आहे. इराणच्या यझ्द परिसरातून आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांनी मुंबईत हॉटेले काढली, तसे इतरही व्यवसाय केले. रुस्तम इराणी जावा गाड्यांच्या आयातीत होते. १९५० च्या दशकात परदेशी वाहनांच्या आयातीवर निर्बंध आले, तेव्हा गाडी येथेच बनवणे हाच मार्ग उरला. रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूर येथे ‘आयडियल जावा’ ही कंपनी उभारली. १९६१ साली उत्पादन सुरू झाले. जयचामराजेंद्र वाडियार यांच्या हस्ते कारखान्याचे उद्घाटन झाले.

६/ १९७० च्या दशकात गाडीचे नाव बदलून ‘येझदी’ झाले. चेक गाडी, कन्नड मुलखातला कारखाना, मुंबईचे मालक आणि नाव इराणमधल्या मूळ गावाचे. परवाना राज म्हणून ज्या काळाला नावे ठेवली जातात, त्याच काळात हे जमून आले.

७/ यंत्र साधे होते, पण त्यात दोन-तीन हिकमती होत्या. किक मारण्याचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच. किक मारून गाडी सुरू झाली, की तोच दांडा पुढे वळवायचा आणि त्यानेच गिअर टाकायचा. गिअर दाबताना क्लच आपोआप सुटत असे, त्यामुळे सरावलेला चालक क्लचच्या मुठीला हातही न लावता गाडी हाकी. सिलिंडर एकच, पण धूर बाहेर पडायला दोन वाटा आणि म्हणून दोन्ही बाजूंना एकेक लांब सायलेन्सर.

८/ आणि तो आवाज. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे दट्ट्याच्या प्रत्येक खेपेला, दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. फोर-स्ट्रोकमध्ये तोच स्फोट दोन फेऱ्यांतून एकदा होतो. मोटारसायकलीला मराठीने ‘फटफटी’ हा शब्द दिला, तो कानाने दिला. गावात कोण आले, हे गाडी वेशीवर असतानाच घराघरांत कळत असे.

९/ परंतु ज्या रचनेने हा आवाज दिला, त्याच रचनेत गाडीचा शेवटही होता. टू-स्ट्रोकमध्ये ताजे मिश्रण आत येते आणि जळलेला धूर बाहेर जातो, या दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडतात. थोडे पेट्रोल न जळताच धुराबरोबर निघून जाते. शिवाय वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते; ते जळून निळसर धूर होतो. सायलेन्सरमध्ये काजळी साचते, ती मधूनमधून जाळून काढावी लागते. १९८५ च्या सुमारास जपानी सहकार्याने बनलेल्या शंभर सीसीच्या हलक्या गाड्या आल्या. त्यांतील हिरो होंडा तर फोर-स्ट्रोक होती आणि थोड्या पेट्रोलवर फार दूर जाई. पुढे धुराचे नियम कडक झाले. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना थांबला. गाडीवर प्रेम करणाऱ्यांच्या आठवणींत कारखान्याच्या कामगारांचा उल्लेख फारसा सापडत नाही, ही त्या आठवणींची उणीव आहे.

१०/ दोन दशकांनी हे नाव पुन्हा मुंबईत उचलले गेले. अनुपम थरेजा, महिंद्र समूह आणि रुस्तम इराणींचे पुत्र बोमन इराणी यांची ‘क्लासिक लेजंड्स’ ही कंपनी. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी मुंबईत नवी जावा दाखवण्यात आली. दिल्लीतील शोरूम किंमत १ लाख ६४ हजार रुपये. गाडी बनते मध्य प्रदेशातील पिथमपूरला, म्हणजे पवारांच्या जुन्या धार संस्थानाच्या मुलखात.

११/ वरून पाहिले तर सगळे जुने: टाकी, सीट, मडगार्ड, दोन सायलेन्सर. आत मात्र २९३ सीसीचे पाण्याने थंड होणारे फोर-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर, फ्युएल इंजेक्शन, बटणाची सुरुवात. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर देण्याची आता तशी निकड नव्हती. ते ठेवले केवळ आठवणीसाठी. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचे झाले. पावसात भिजलेल्या उतारावर ज्याने जुन्या ड्रम ब्रेकची गाडी थांबवली आहे, त्याला या एका सुधारणेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

१२/ जुने रूप टिकवण्याचा खटाटोप कधीकधी गमतीच्या थराला जातो. ब्रिटनच्या ट्रायम्फ कंपनीने बोनव्हिल या गाडीत फ्युएल इंजेक्शन बसवले, तेव्हा त्याच्या भागांना कार्ब्युरेटरचा आकार दिला. सोंगच ते, पण मनापासून वठवलेले. मूळ बोनव्हिल १९५९ ची. मेरिडनचा तिचा कारखाना मालकांनी बंद करायचे ठरवले, तेव्हा कामगारांनी तो अडवून धरला आणि १९७५ पासून सहकारी तत्त्वावर स्वतः चालवला. १९८३ मध्ये तोही प्रयोग संपला. सहकाराच्या यशापयशाचा अनुभव असलेल्या महाराष्ट्राला ही गोष्ट परकी वाटू नये.

१३/ आज त्याच ट्रायम्फची ३९८ सीसीची ‘स्पीड ४००’ बजाज कंपनी चाकणला बनवते. जुलै २०२३ मध्ये ती भारतात आली. इंजिन पाण्याने थंड होते, तरी त्यावर हवेने थंड होणाऱ्या जुन्या इंजिनांसारखे पंखे कोरलेले आहेत. चाकण म्हटले की इतिहासप्रेमींना आठवतो १६६० मधला संग्रामदुर्गाचा वेढा आणि शायिस्ताखानाला जवळपास दोन महिने झुंजवणारा फिरंगोजी नरसाळा. त्याच चाकणहून आता इंग्रजी नावाच्या गाड्या जगभर जातात.

१४/ बीएसएची गोष्ट याहून विलक्षण. बीएसए म्हणजे ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’, १८६१ सालचा बंदुकांचा कारखाना. १९३७ मध्ये ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने फेरी पूर्ण केल्याबद्दल सुवर्णतारा मिळाला, त्यावरून ‘गोल्ड स्टार’ हे नाव. २०१६ मध्ये ही कंपनी सुमारे ३४ लाख पौंडांना महिंद्रकडे आली. नवी गोल्ड स्टार भारतात सादर झाली ती १५ ऑगस्ट २०२४ रोजी. तारीख योगायोगाने निवडली असेल, असे वाटत नाही.

१५/ येझदी हे नावही १३ जानेवारी २०२२ रोजी परतले, पण वाद घेऊनच. बंद पडलेल्या कंपनीचे नाव कोणाचे: वारसाचे, ते पुन्हा वापरात आणणाऱ्याचे, की दिवाळखोरीत निघालेल्या कंपनीच्या देणेकऱ्यांचे? डिसेंबर २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने कौल दिला तो जुन्या कंपनीच्या बाजूने. त्यावर अपील झाले आणि नव्या गाड्या रस्त्यावर धावत राहिल्या. आठवणीला बाजारभाव असतो, हे या खटल्याइतके स्वच्छ क्वचितच दिसते.

१६/ नव्या गाडीने एक गोष्ट मात्र परत आणलेली नाही. जुनी येझदी शेतरस्त्यावर बंद पडली, तर मालक प्लग काढी, पॉलिश पेपरने घाशी, पॉइंटमधले अंतर डोळ्याने जुळवी आणि पुन्हा किक मारी. तालुक्याच्या मिस्त्रीला ती उघडून बसवता येई. त्याची पोरे ती पाहूनच काम शिकत. नव्या गाडीतला बिघाड सेन्सर सांगतो आणि तो वाचायला कंपनीचे यंत्र लागते. ती क्वचित बिघडते, धूर कमी करते, वेळेवर थांबते. बिघडलीच, तर मात्र ती टेम्पोत घालून शहरातल्या सर्व्हिस सेंटरला न्यावी लागते.

१७/ दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी देशभरातले जावा-येझदीवाले आपापल्या गाड्या बाहेर काढतात. तेव्हा एमएच-३० ची निळा धूर सोडणारी आणि एमएच-३७ ची नवी कोरी शेजारी शेजारी चालतात. आवाजावरून कोणती कोणती ते लांबूनच कळते. समृद्धीच्या कारंजा येथील फाट्यावर मात्र दोघींनाही सारखाच नकार मिळतो, आणि दोघी जुन्या रस्त्याने शेलूबाजारकडे वळतात.