बाळागोळी : गिरणगावच्या पाळण्यातील अफू

व्यसनांचा इतिहास लिहिताना आपली नजर गुत्त्याकडे किंवा चंडूखान्याकडे जाते. मुंबईतील अफूचे एक ठिकाण मात्र त्यात सापडत नाही. ते म्हणजे गिरणगावातला पाळणा.

एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. तिच्यावरील परवाना शुल्काने आधी कंपनीची आणि मग ब्रिटिश सरकारची तिजोरी भरली, शहरातील अनेक पेढ्याही याच व्यापारावर उभ्या राहिल्या. १८७८च्या कायद्याने अफू सरकारी नियंत्रणाखाली आली, तरी परवान्याच्या दुकानात ती उघडपणे मिळत राहिली. १८९३ साली नेमलेल्या रॉयल कमिशनचा १८९५चा निष्कर्षही बंदीची गरज नाही, असाच होता.

चाळीच्या खोलीत ही अफू पोचली ती बाळागोळीच्या रूपाने. आई दिवसाचे दहा-अकरा तास गिरणीत, घरी फार तर म्हातारी सासू किंवा शेजारीण. तान्हे निजून राहावे म्हणून आई कामावर जाताना त्याला गोळी देई. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांची मुंबईतील कामगार स्त्रियांविषयीची पाहणी १९२२ साली प्रसिद्ध झाली. या स्त्रियांच्या बाळांपैकी ९८ टक्क्यांना अफू दिली जात होती.

अफूने रडे थांबते, तशी भूकही मरते. शौचाला होत नाही, श्वास मंदावतो आणि मात्रा चुकली तर कायमचा थांबतो. सवय लागलेले मूल गोळीचा अंमल उतरताच अधिक रडते. ते रडे गप्प करायला पुन्हा गोळीच दिली जाते.

अशा आईला अडाणी ठरवणे सोपे होते. पण बाळाला घेऊन घरी बसायचे, तर चूल कशी पेटणार? १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेची विश्रांती ही राष्ट्रहिताची गोष्ट मानली आणि तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकाने तिचा भार उचलावा, अशी बाजू मांडली. १९२९ साली कायदा झाला. तो अफूविरुद्ध नव्हता, तरी बाळंतपणानंतरचे काही आठवडे तरी आईला बाळाजवळ राहता येईल, अशी सोय त्याने केली. बाळागोळीच्या मुळाला हात घातला तो अशा उपायांनी.

आज १९८५चा कडक कायदा अमली पदार्थ बाळगणाऱ्याला, विकणाऱ्याला, सेवन करणाऱ्याला पकडतो. गिरणगावात अफू घेतली बाळाने, दिली आईने. तिची गरज मात्र भोंग्याने निर्माण केली होती. व्यसनाची चौकशी करताना तो भोंगा कुठे वाजतो आहे, हेही ऐकायला हवे.