हिस्सा आणि हुन्नर

दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य भागात, आजच्या म्पुमलांगा प्रांतात, सेकुंडा नावाचे एक औद्योगिक नगर आहे. जमिनीखालचा दगडी कोळसा काढायचा, वाफ आणि प्राणवायू यांच्या साहाय्याने त्याचा वायू करायचा आणि त्या वायूपासून पेट्रोल, डिझेल व नाना रसायने बनवायची, हा या नगराचा व्यवसाय. तो चालविणारी ‘सासोल’ ही कंपनी १९५० साली सरकारी भांडवलावर उभी राहिली. २००५ च्या सुमारास सेकुंडा येथे मोठे बांधकाम निघाले, तेव्हा कंपनीने थायलंडहून वेल्डर आणि अन्य कसबी कारागीर शेकड्यांनी आणविले. ज्या देशात लक्षावधी कृष्णवर्णीय तरुण कामासाठी तिष्ठत होते, त्या देशाला लोखंडी नळ सांधणारे हात समुद्रापलीकडून आणावे लागले. कामगार संघटनांनी यावर आक्षेप घेतले. परंतु हाती असलेले काम जाणणारे पुरेसे लोक देशात नाहीत, या उत्तरापुढे तो वाद फारसा सरकला नाही.

हे लोक का नव्हते, हा प्रश्न इतिहासाचा आहे. दक्षिण आफ्रिकेतील ‘कृष्णवर्णीयांचे आर्थिक सबलीकरण’ या धोरणाविषयी जे लिहिले जाते, त्यात कंपन्यांचे किती समभाग कोणाच्या हाती गेले याचीच चर्चा अधिक असते. आमच्या मते त्या देशातील कृष्णवर्णीय माणसाकडून दोन गोष्टी हिरावल्या गेल्या होत्या : मालकीचा हिस्सा आणि हातातील हुन्नर. पहिली गोष्ट एका करारावरील सहीने परत करता येते, निदान तसे भासते. दुसरीला एक पिढी लागते. एका कंपनीच्या वाटचालीतून हा भेद कसा उलगडतो, ते पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

कायद्याने घडविलेले अकुशलपण

कृष्णवर्णीय कामगार अकुशल होता असे म्हणण्यापेक्षा त्याला अकुशल ठेवण्यात आले, असे म्हणणे सत्याला धरून होईल. १९११ च्या खाण आणि यंत्रकाम कायद्याखाली जे नियम झाले, त्यांनी सुरुंग लावणे, यंत्रे चालविणे अशा जबाबदारीच्या कामांचे परवाने गोऱ्यांकरिता राखून ठेवले. सोन्याचा भाव उतरला, तेव्हा खाणमालकांनी काही कामे कमी वेतनावर कृष्णवर्णीयांना देऊ केली. त्यातून १९२२ साली जोहान्सबर्गच्या परिसरात गोऱ्या खाणकामगारांचा संप आणि पुढे सशस्त्र उठाव झाला. पंतप्रधान स्मट्स यांनी लष्कर, तोफा आणि विमाने वापरून तो मोडला. दीडशेहून अधिक माणसे मेली. उठाव हरला, पण त्याची मागणी मात्र जिंकली. १९२३ साली न्यायालयाने जुने नियम बेकायदा ठरविले होते. १९२६ च्या दुरुस्तीने वर्णबंदी थेट कायद्यातच लिहिली गेली. या दुरुस्तीने आफ्रिकी माणसाबरोबर आशियाई माणसालाही परवान्यांपासून दूर ठेवले. नाताळच्या उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी १८६० पासून गेलेल्या भारतीयांचे वंशज त्यात आले, हे आपण ध्यानात ठेवावे.

याच सुमारास, १९२२ साली, उमेदवारीचा कायदा झाला. त्यात काळ्या-गोऱ्याचा उच्चार नव्हता. मात्र फिटर, टर्नर, सुतार वा वीजतंत्री होण्यासाठी उमेदवारी करायची तर विशिष्ट इयत्तेपर्यंतचे शिक्षण हवे, अशी अट होती. ज्यांच्या वस्तीत तेवढी शाळाच नव्हती, त्यांना दार आपोआप बंद झाले.

शाळेचे दार बंद करण्याचे काम १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने पुरे केले. त्या कायद्याचे शिल्पकार हेन्ड्रिक फर्वुर्ड यांनी आपला हेतू लपविला नाही. जे गणित व्यवहारात वापरायला मिळणार नाही ते आफ्रिकी मुलाला शिकवून काय साधणार, असा त्यांचा उघड सवाल होता. १९५६ च्या कायद्याने सरकारला कोणतेही काम कोणत्याही वर्णासाठी राखून ठेवण्याचा अधिकार दिला. अशा रीतीने शाळा, उमेदवारी, परवाना आणि नोकरी या चारही पायऱ्या एकामागून एक काढून घेतल्या गेल्या. अंगणात उभ्या असलेल्या माणसाला मग वर का चढत नाहीस असे विचारले जाऊ लागले.

मिशनच्या कार्यशाळा

या काळात कारागिरीचा वारसा जेथे काही प्रमाणात टिकून राहिला, त्या जागांत मिशनच्या शाळांची गणना करावी लागेल. डर्बनजवळ मारियानहिल येथे १८८२ साली ट्रॅपिस्ट संन्याशांनी मठ स्थापिला. मठाभोवती सुतारकाम, लोहारकाम, चर्मकाम आणि मुद्रण यांच्या कार्यशाळा उभ्या राहिल्या आणि तेथे आफ्रिकी मुले हातात अवजार धरावयास शिकली. बांटू शिक्षण कायद्यानंतर सरकारने मिशनशाळांना दोनच पर्याय दिले : शाळा सरकारच्या स्वाधीन करा किंवा अनुदान सोडा. अनेक पंथांनी नाइलाजाने शाळा सोपविल्या. कॅथलिक बिशपांनी अनुदान सोडले, १९५५ साली लोकांकडे निधीसाठी हात पसरला आणि बहुतेक शाळा चालू ठेवल्या. या कामी डर्बनचे आर्चबिशप डेनिस हर्ली आघाडीवर होते. १९७६ पासून या शाळांनी सर्व वर्णांच्या मुलांना एकत्र घेण्यास आरंभ केला.

यामुळे फार मोठा बदल घडला असे म्हणता येणार नाही. अनुदानाविना शाळा चालवायच्या तर शिक्षकांचे वेतन तुटपुंजे राहते आणि कार्यशाळेची यंत्रे जुनी होतात. शिवाय मिशनऱ्यांचा दृष्टिकोनही कित्येकदा वडिलकीचाच होता. तरीही मारियानहिलच्या सेंट फ्रान्सिस कॉलेजात शिकलेल्या एका विद्यार्थ्याचे नाव येथे घेतले पाहिजे. तो म्हणजे स्टीव्ह बिको. आफ्रिकी, मिश्रवंशीय आणि भारतीय या तिघांनीही आपणांस ‘कृष्णवर्णीय’ म्हणवून घ्यावे, ही त्यांच्या चळवळीची शिकवण. बिको यांचा १९७७ साली पोलिसांच्या कोठडीतील मारहाणीने अंत झाला. पुढे पाव शतकाने झालेल्या सबलीकरणाच्या कायद्याने ‘कृष्णवर्णीय’ शब्दाची जी व्याख्या केली, तीत हेच तीन समाज आहेत.

परवाना नसलेले जाणकार

आता पुन्हा सासोलकडे वळू. कोळशापासून तेल करण्याची मूळ विद्या जर्मनीतील फिशर आणि ट्रॉप्श या शास्त्रज्ञांची. सासोलचा पहिला कारखाना सासोलबर्ग येथे उभा राहिला आणि १९५५ मध्ये तेल देऊ लागला. गोऱ्यांसाठी आखीव नगर आणि कृष्णवर्णीयांसाठी शेजारी झामदेला ही वस्ती, अशी तेथील मांडणी होती. १९७३ च्या तेलटंचाईनंतर दुसरा कारखाना काढण्याचे ठरले. सेकुंडा हे नावच ‘दुसरा’ या अर्थाचे आहे. जग दक्षिण आफ्रिकेला तेल देण्यास कचरू लागले, तसतसे सासोलचे मोल वर्णद्वेषी राजवटीला वाढत गेले. म्हणूनच १९८० च्या जूनमध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या सशस्त्र शाखेने सासोलच्या टाक्यांवर स्फोट घडविले.

१९८४ च्या नोव्हेंबरमध्ये ट्रान्सवालमध्ये दोन दिवसांचा सार्वत्रिक संप झाला. सेकुंडाच्या कामगारांनी त्यात भाग घेतला, तेव्हा कंपनीने सुमारे ६,००० कृष्णवर्णीय कामगारांना एकाच फटक्यात कामावरून काढले. पुढे त्यांतील बहुसंख्यांना परत घेण्यात आले. या प्रसंगाचा आम्ही असा अर्थ लावतो : कागदोपत्री हे लोक मजूर होते, म्हणजे आज काढावे आणि उद्या दुसरे आणावे असे. वस्तुतः वर्षानुवर्षे तेच यंत्र हाताळून त्यांच्या बोटांत जी जाण उतरली होती, ती फाटकाबाहेरच्या रांगेत मिळणारी नव्हती. हुन्नर होता; नव्हते ते प्रमाणपत्र. प्रमाणपत्र नाही म्हणून वेतन नाही, बढती नाही आणि दुसऱ्या कंपनीत जाण्याची सोयही नाही.

१९७९ मध्ये वीहान आयोगाच्या शिफारशींनंतर कृष्णवर्णीयांच्या संघटनांना मान्यता मिळू लागली आणि कामांचे आरक्षण उठू लागले. खाणींतील वर्णबंदी मात्र १९८७ च्या कायद्यापर्यंत टिकली. म्हणजे सुरुंगाची वात पेटविण्याचा परवाना आफ्रिकी माणसाला मिळण्याची वाट आणि नेल्सन मंडेला यांची सुटका, यांमध्ये जेमतेम तीन वर्षांचे अंतर आहे.

समभागांचे दशक

१९९४ साली राज्य बदलले. मालकीचा हिस्सा देण्याचे प्रयोग त्याच्या आधीच, १९९३ पासून सुरू झाले होते. एका मोठ्या विमा उद्योगाने आपल्या अखत्यारीतील ‘मेट्रोपॉलिटन लाइफ’चे दहा टक्के समभाग डॉ. न्थाटो मोटलाना यांच्या गटाला विकले, तो पहिला गाजलेला व्यवहार. घेणाऱ्यांपाशी भांडवल नव्हते. म्हणून अशा व्यवहारांत समभाग कर्जावर घ्यावयाचे, लाभांशातून व्याज फेडावयाचे आणि भाव वाढला तर वरची रक्कम आपली, अशी रीत पडली. १९९८ मध्ये आशियाई संकटामुळे बाजार कोसळला आणि असे कित्येक व्यवहार बुडाले. मूठभरांचेच भले होते, ही टीकाही वाढली. त्यातूनच २००३ साली ‘व्यापक पायावरील’ सबलीकरणाचा कायदा झाला. २००७ च्या नियमावलीत कंपनीला शंभरपैकी गुण देण्याची पद्धत आली : मालकीला २०, कौशल्यविकासाला १५, उरलेले व्यवस्थापन, रोजगार, खरेदी इत्यादींना.

सासोलने २००८ साली ‘इन्झालो’ नावाची योजना आणली. झुलू भाषेत या शब्दाचा अर्थ संतती. पैशावरील व्याजालाही तोच शब्द आहे. कंपनीचे दहा टक्के समभाग, त्या वेळच्या भावाने सुमारे २४ अब्ज रँडचे, कामगार, सामान्य कृष्णवर्णीय नागरिक, काही संस्था आणि एक शैक्षणिक प्रतिष्ठान यांच्याकडे सोपवायचे, अशी ती योजना. शिक्षिका, परिचारिका, निवृत्त कामगार अशांनाही थोडी रोकड भरून उरलेला भाग कर्जावर घेता येत होता. मुदत दहा वर्षांची.

त्या वर्षी खनिज तेलाचा भाव पिंपामागे १४० डॉलरांच्या वर गेला होता. वर्ष संपण्यापूर्वी तो ४० च्या आसपास घसरला. पुढे सावरला आणि २०१४ नंतर पुन्हा कोसळला. सासोलचा समभाग तेलाच्या दोरीला बांधलेला. २०१८ साली मुदत भरली तेव्हा कर्जाचा बोजा समभागांच्या किमतीला गिळून बसला होता. कर्जाऊ समभाग घेतलेल्यांच्या हाती शेवटी मालकी अशी काही उरली नाही. कंपनीने त्याच वर्षी ‘खन्यिसा’ ही नवी योजना अमलात आणली. तीत गोऱ्या कामगारांना स्थान नाही म्हणून ‘सॉलिडॅरिटी’ संघटनेने सप्टेंबरमध्ये सेकुंडा येथे संप केला. ही संघटना ज्या जुन्या खाणकामगार संघटनेची वारसदार आहे, तीच १९२२ च्या संपात उतरली होती. मालकी आणि वर्ण यांची गाठ शतकानंतरही किती घट्ट होती, हे यावरून दिसते.

जे उरले

तर मग इन्झालोतून काहीच उरले नाही काय? उरले. दहा टक्क्यांपैकी दीड टक्का ज्या प्रतिष्ठानाच्या नावे होता, त्याने गणित आणि विज्ञान या विषयांकडे लक्ष दिले. ‘शियावुला’ या शैक्षणिक संस्थेबरोबर त्याने चौथी ते नववीच्या मुलांसाठी विज्ञानाच्या कार्यपुस्तिका तयार करविल्या. कोणीही त्या छापाव्यात, वाटाव्यात, सुधाराव्यात, असा खुला परवाना त्यांना दिला गेला. आफ्रिकी मुलाला गणित कशाला, असे विचारणाऱ्या मंत्र्याला हे उत्तर पंचावन्न-साठ वर्षांनी मिळाले. ते तेलाच्या भावाबरोबर खाली आले नाही.

हुन्नराच्या बाजूने राज्यानेही काही केले. १९९५ च्या कायद्याने राष्ट्रीय पात्रता-मंडळ आले आणि कामावर मिळविलेल्या ज्ञानाची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची वाट उघडली. १९८४ साली काढल्या गेलेल्या कामगारांसारख्यांना हवी होती ती हीच वाट. १९९८ चा कौशल्यविकास कायदा आणि त्यामागोमाग वेतनखर्चाच्या एक टक्क्याचा प्रशिक्षण-कर हीही पावले महत्त्वाची. मात्र हे घडत असतानाच रेल्वे, वीज, पोलाद यांसारख्या सरकारी उद्योगांतील उमेदवारीच्या जुन्या शाळा खर्चकपातीत आक्रसल्या होत्या. जुने दार ज्या क्षणी कृष्णवर्णीयांसाठी उघडले, त्याच क्षणी आतील खोली रिकामी होत होती. थायलंडचे वेल्डर आले ते या पोकळीत. २००६ मध्ये सरकारने कारागिरांच्या टंचाईवर खास मोहीम काढली, तोवर एक तप हातचे गेले होते.

या साऱ्याचा निष्कर्ष समभाग नकोतच असा आम्ही काढत नाही. मालकीशिवाय निर्णयाच्या खोलीत खुर्ची मिळत नाही आणि ज्याला खुर्ची नाही त्याच्या प्रशिक्षणावरच प्रथम कात्री चालते. परंतु एखादी कंपनी आपल्या बांधिलकीचा अहवाल पुढे ठेवते, तेव्हा तिला विचारायचे प्रश्न या इतिहासाने शिकविले आहेत. यंदा किती उमेदवार दुकानात उभे राहिले? त्यांपैकी किती जण तीन-चार वर्षे टिकून अंतिम परीक्षा उतरले? त्यांना शिकविणारा जुना कारागीर कोण होता, आणि त्याला आपली विद्या देण्यास वेळ व मान मिळाला का? २०१३ च्या सुधारित नियमांनी कौशल्यविकासाचे गुण १५ वरून २० वर नेले आणि त्याच वर्षाच्या दुरुस्ती कायद्याने नावापुरते कृष्णवर्णीय मालक दाखविणे हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरविला. या प्रश्नांची थोडी दखल त्यात आहे.

२०२४ सालीही दक्षिण आफ्रिकेत काम मागणाऱ्या दर दहांपैकी तिघांहून अधिकांना काम नव्हते. अहवालांतील गुण वाढत असताना ही रांग का आटत नाही, हे समजून घ्यायचे तर १९२२ च्या उमेदवारी कायद्यापासून वाचावयास आरंभ करावा लागतो. एका कायद्याने, एका दिवसात, एका समाजाच्या हातातून अवजार काढून घेता येते. ते परत देताना मात्र प्रत्येक हाताशी स्वतंत्रपणे, धीराने बसावे लागते.