मनगटावरचे घड्याळ आणि विडीची तलफ

तंबाखू उत्तरेत गेली ती आपल्या दक्षिणेतून. अकबराचा अधिकारी असदबेग सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरला आला होता. परतताना तो तंबाखू आणि ती ओढण्याची नळी घेऊन आग्र्यास पोचला. दरबारच्या हकिमांनी हरकत घेतली, तरी बादशहाने झुरका घेऊन पाहिलाच. पुढे १६१७ साली जहांगिराने तंबाखूबंदीचे फर्मान काढले. फर्मान कागदावर राहिले आणि तंबाखू घराघरांत गेली. व्यसन सोडवण्याच्या इतिहासाचे हे पहिले प्रकरण, आणि त्यानंतर तीन शतके गाडी फारशी पुढे सरकली नाही. वरून हुकूम सुटावा, शेजारून उपदेश व्हावा, आणि माणसाने चंची तेवढी जपून ठेवावी!

हुकूम कुठे थकतो, हे कारखान्यात राबलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. विडी चोवीस तास नको असते. ती हवी असते जेवण झाल्यावर, पाळी बदलताना, सुपरवायझर टाकून बोलून गेल्यावर, रात्रपाळीत पापण्या जड झाल्या म्हणजे. ती घटका काही मिनिटांचीच. पण त्या घटकेला जवळ कोण असते? पानाची टपरी असते. डॉक्टर नसतो.

आपल्याच गावचे पाहा. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आला, १९६२ पासून औद्योगिक वसाहत वाढू लागली, १९७२ साली प्राधिकरण स्थापन झाले आणि निगडीच्या माळावर घरे उठली. पुढे गाडी चाकणपर्यंत गेली. या साऱ्या काळात विडी ही कामगाराची स्वतःची सुट्टी होती. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या कामामागे अर्धा तास विश्रांती दिली. मधली पाच मिनिटे विडीने मिळवून दिली. जो ओढत नसे त्याला ती पाच मिनिटेही मिळत नसत, हा त्यातला गमतीचा अन्याय. तेव्हा 'विडी सोड' म्हणणारा माणूस कामगाराची सुट्टीच काढून घेतो आहे, हे आमच्या सुधारकांच्या ध्यानात कधी आले नाही.

त्या घटकेपर्यंत पोचण्याचा पहिला खरा प्रयत्न मोबाइलने केला. ब्रिटनमध्ये ५,८०० धूम्रपान करणाऱ्यांवर केलेला प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना धीर देणारे संदेश नियमित गेले त्यांच्यापैकी १०.७ टक्के लोक सहा महिन्यांनंतरही विडी-सिगारेटपासून दूर होते. इतरांत हे प्रमाण ४.९ होते. भारत सरकारने २०१६ च्या आरंभी अशीच योजना काढली: एक मिस्ड कॉल द्यावा आणि संदेश सुरू व्हावेत. नाव नोंदवलेल्या बारा हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत सुमारे ७ टक्क्यांनी तंबाखू सोडल्याचे दिसले. आकडा लहान वाटेल. पण खर्चही लहानच.

मात्र हा संदेश तलफ पाहून येत नसे. ते काम सेन्सरने अंगावर घेतले. अमेरिकेत मेम्फिसच्या विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली एक रीत मांडली. मनगटावरच्या पट्ट्याने हात तोंडाशी गेल्याची हालचाल टिपायची, छातीवरच्या पट्ट्याने श्वासाची लय टिपायची, आणि दोन्ही जुळल्या म्हणजे झुरका ओळखायचा. नुसत्या हातावर भागत नाही, कारण वडापाव खाणाऱ्याचा हातही तोंडाकडेच जातो. नुकतीच सिगारेट सोडलेल्या ६१ जणांवर ही रीत लावून पाहण्यात आली. यापुढची आशा अशी, की ताण वाढताच आणि पहिला झुरका घेण्याआधीच पट्ट्याने हलकेच सांगावे: थांब, पाणी पी, चार पावले चाल.

कल्पना उत्तम आहे, परंतु ती आपल्या मनगटावर जशीच्या तशी बसत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आढळले, तर धुराविना तंबाखू घेणारे २४.४ टक्के. तळहातावर चुना लावून मळली, गालात ठेवली, की श्वासाची लय बदलत नाही. यंत्राला वाटेल गडी साधू आहे. शिवाय अनेक कारखान्यांत मोबाइल कामावर नेऊ देत नाहीत. म्हणजे संदेश येणार लॉकरमध्ये, आणि तलफ येणार असेंब्ली लाइनवर!

आणि घड्याळाशी कामगाराचे भांडण जुने आहे. १९११ साली अमेरिकेच्या वॉटरटाउन येथील शस्त्रागारात टेलरसाहेबांच्या पद्धतीचे स्टॉपवॉच ओतकामगारांसमोर धरले गेले, तेव्हा त्यांनी काम टाकले. पुढे तेथील काँग्रेसने सरकारी शस्त्रागारांत घड्याळ लावून काम मोजण्यावर पैसा खर्च करण्यास मनाई केली. ते घड्याळ निदान मुकादमाच्या हातात दिसत तरी असे. मनगटावरचा पट्टा ताण, झोप, श्वास सारेच जाणतो. आपल्याकडे २०२३ च्या माहिती-संरक्षण कायद्याने नोकरीच्या कारणांसाठी मालकाला संमतीवाचूनही माहिती वापरण्याची मुभा ठेवली आहे. तंबाखू सोडवणारा पट्टा उद्या बढती अडवणारा पट्टा झाला, तर कामगार तो घालील कशाला?

पाळत ठेवावीच लागते काय? टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी रत्नागिरी जिल्ह्यातील एका रसायन कारखान्यात काम केले. त्याचा वृत्तांत २००९ साली आला. १०४ कामगारांपैकी ४८ टक्के तंबाखू घेणारे. व्याख्याने झाली, गटात बोलणी झाली, गरजेप्रमाणे औषध दिले, घरच्या माणसांना आणि कंत्राटी कामगारांनाही समजावले. वर्षअखेर सोडणाऱ्यांचे प्रमाण ४० टक्क्यांवर गेले. लघवीची तपासणी करून पाहिली, तर कामगारांनी तोंडाने सांगितलेले आणि तपासणीत निघालेले ९६ टक्के जुळले. दंडाची भीती नसली म्हणजे कामगार खरे बोलतो. रत्नागिरीत झाले ते निगडी-चाकणला का होऊ नये?

तेव्हा उद्या असा पट्टा घेऊन कोणी कारखान्यात आले, तर युनियनने त्याला दारातून परत पाठवू नये. कराराच्या टेबलाशी बसवावे. पट्टा ऐच्छिक असावा. नोंद कामगाराच्या स्वतःच्या फोनबाहेर जाऊ नये. मळणाऱ्या हाताची ओळखही त्याला शिकवावी आणि संदेश मराठीत असावा. कंत्राटी पोरगा बिहारचा असेल तर त्याला त्याच्या बोलीत. सूचना पट्ट्यावरच थरथरून मिळावी, आणि ती मिळाली की लाइन सोडून पाच मिनिटे बाहेर जाण्याचा हक्क असावा, विडी ओढणाऱ्याला आजवर मिळत आला तेवढाच.