डॅशबोर्ड ते मड फ्लॅप: चिखल कुणाच्या अंगावर उडतो?

(हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलण्याचा सूर मुद्दाम तसाच ठेवला आहे.)

आज एका रबराच्या तुकड्याचा इतिहास ऐकू या. हसू नका. या तुकड्यामुळे माझ्या घरात दोन दिवस अबोला होता.

मागच्या जुलैची गोष्ट. सिंहगड रोड, पाऊस नुकताच थांबलेला. एका रिसेप्शनला निघालो होतो. पुढे मी माझ्या इलेक्ट्रिक गाडीत, काचा बंद, एसी चालू, गाणी चालू. ताई ऑफिसमधून परस्पर येत होती, योगायोगाने वाटेत माझ्याच मागे लागली. स्कूटरवर. हॉलच्या पार्किंगमध्ये तिने हेल्मेट काढलं. साडीच्या निऱ्यांपासून हेल्मेटच्या काचेपर्यंत नुसते चिखलाचे ठिपके. माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "तुझी गाडी धूर सोडत नाही रे, पण चिखल भरपूर सोडते."

त्या रात्री मी मड फ्लॅप शोधायला बसलो, आणि शोधता शोधता थेट घोडागाडीपर्यंत पोचलो.

घोडा गेला, फळी राहिली

तुमच्या गाडीत समोर जो डॅशबोर्ड आहे, त्याचं मूळ काम माहितीये? चिखल अडवणं. एकोणिसाव्या शतकात घोडागाडी हाकणारा माणूस घोड्याच्या बरोबर मागे बसायचा. घोडा धावला की टापांनी उडालेला चिखल सरळ त्याच्या तोंडावर. म्हणून त्याच्या पायांपुढे लाकडाची नाहीतर चामड्याची एक उभी फळी लावायचे. इंग्रजीत 'डॅश' म्हणजे जोरात उडणं, आदळणं. ते अडवणारा तो डॅशबोर्ड.

आणि हा चिखल म्हणजे नुसती माती नव्हे. त्या काळी लंडनसारख्या शहरात रस्त्यावरच्या चिखलात बराचसा भाग घोड्यांच्या लिदीचा असायचा. चांगल्या कपड्यातल्या लोकांना रस्ता ओलांडता यावा म्हणून समोरची वाट झाडून देणारी गरीब माणसं, लहान पोरं चौकाचौकात उभी असायची. वाट झाडली की एखादं नाणं मिळायचं. गाडीत बसलेल्यांना फळी होती. झाडणाऱ्यांना काहीच नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढे मोटार आली, समोरचा घोडा गेला, पण फळी राहिली. तिच्यावर मीटर बसले, मग रेडिओ, आता मोबाइलपेक्षा मोठा स्क्रीन. चिखलाशी तिचा संबंध संपला. मुंबईत तर ही गोष्ट जवळजवळ उलटी घडली: घोड्याच्या व्हिक्टोरिया २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या आणि २०२१ मध्ये तशाच दिसणाऱ्या, पण विजेवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या. व्हिक्टोरिया राहिली, घोडा गेला.

पहिल्या इलेक्ट्रिक गाड्या स्वच्छ होत्या

इलेक्ट्रिक गाडी नवी आहे असं वाटतं ना? १९०० साली अमेरिकेत साधारण ४,२०० मोटारी तयार झाल्या. त्यातल्या १,५७५ विजेवर चालणाऱ्या होत्या, पेट्रोलच्या फक्त ९३६. बाकीच्या वाफेवरच्या. विजेच्या गाडीची मोठी जमेची बाजू म्हणजे स्वच्छता. हँडल मारून इंजिन सुरू करायची कटकट नाही, तेलाचे डाग नाहीत, वास नाही. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक कंपनीची विजेची गाडी चालवायची. नवऱ्याची कंपनी पेट्रोलच्या गाड्यांचा ढीग लावत असताना!

त्या गाडीचा फोटो बघा. उंच काचेची खोली, आणि चारही चाकांवर वेगळे, बाकदार मडगार्ड. तेव्हा सगळ्याच गाड्यांचं असं होतं. चाक बॉडीच्या बाहेर आणि त्याच्यावर लांबलचक पत्रा. खाली पाय ठेवायला फळी. रस्ते कच्चे असल्यामुळे मडगार्ड ही शोभा नव्हती, गरज होती.

मग १९१२ मध्ये कॅडिलॅकने बटणाने सुरू होणारं इंजिन आणलं आणि विजेच्या गाडीची एक मोठी सोय पेट्रोलच्या गाडीलाही मिळाली. स्वस्त पेट्रोल आणि स्वस्त फोर्ड यांनी बाकीचं काम केलं. विजेच्या गाड्या हळूहळू दिसेनाशा झाल्या.

मडगार्ड बॉडीत विरघळला

दुसऱ्या महायुद्धानंतर गाड्यांचं रूप बदललं. वेगळे मडगार्ड गेले, बॉडी एकसंध झाली, चाकं पोटात गेली. आपल्या ॲम्बेसेडरचे आणि कुर्ल्याला बनणाऱ्या पद्मिनीचे पत्रे आठवा. मडगार्डचे फुगवटे दिसतात, पण ते बॉडीचाच भाग आहेत. रस्तेही डांबरी झाले. आतला माणूस आता पूर्ण कोरडा.

घोटाळा इथेच झाला असं मला वाटतं. चाक चिखल उडवायचं थांबलं नव्हतं. टायरला चिकटलेलं पाणी चाकाबरोबर वर येतं आणि मागच्या बाजूने सुटून मागे फेकलं जातं. वरचा भाग पत्रा अडवतो. खालचा अडवायला चाकामागे काहीतरी खाली लोंबावं लागतं. पण आतल्या माणसाला त्रास होईना, म्हणून त्याची आठवण कुणाला राहीना.

आठवण करून द्यायला कायदा लागला. युरोपात १९७८ साली मोटारींच्या चाकांवरच्या आच्छादनासाठी नियम झाला. त्यात उद्देश स्पष्ट लिहिलाय: उडणारे दगड, चिखल, बर्फ आणि पाणी यांपासून रस्त्यावरच्या इतर लोकांचं रक्षण व्हावं. गाडीमालकाचं नाही, इतरांचं. १९९१ मध्ये मोठ्या मालवाहू गाड्यांसाठी पाण्याचा फवारा दाबण्याचे वेगळे नियम आले, कारण ट्रकमागच्या त्या पांढऱ्या धुक्यात मागच्याला काही दिसत नाही. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटारसायकलचं मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं असावं, कपडे अडकू नयेत, असं म्हटलंय. साडी गार्ड तो हाच.

इलेक्ट्रिक गाडी परत आली, फ्लॅप आला नाही

१९९६ मध्ये जनरल मोटर्सने ईव्ही१ नावाची इलेक्ट्रिक गाडी आणली. तिची मागची चाकं जवळजवळ पूर्ण झाकलेली होती. चिखलासाठी नव्हे हं, हवेसाठी. बॅटरी छोटी, म्हणून हवेचा अडथळा कमीत कमी हवा. तो मोजायचा जो आकडा असतो, तो या गाडीचा ०.१९ होता, आजही भल्याभल्या गाड्यांना न जमणारा.

आजच्या बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांना कारखान्यातून फ्लॅप का नसतो, याचं एक कारण इथे सापडतं. चाकामागे लोंबणारा तुकडा हवा अडवतो, आणि एका चार्जमध्ये किती किलोमीटर, हा आकडा जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो. मागच्या स्कूटरवालीच्या साडीवर किती ठिपके, हा आकडा कुणी छापत नाही.

शिवाय ही गाडी कमी वेगात आवाज करत नाही. डबक्याशेजारी उभ्या माणसाला ती येतेय हे कळत नाही, तो मागे सरकत नाही. मुकी गाडी आणि चिखल, वाईट जोडी आहे.

मग मी काय लावलं?

बाजारात दोन प्रकार दिसले. एक, सगळ्या गाड्यांना चालणारा सपाट तुकडा, कापून भोकं पाडून लावायचा. दुसरा, तुमच्याच मॉडेलच्या वळणाप्रमाणे साच्यात बनवलेला. मी दुसरा घेतला. कारण चाकाच्या आतल्या प्लास्टिकला कंपनीचे स्क्रू आणि क्लिपा आधीच असतात, त्यांच्याच भोकांत तो बसतो. इलेक्ट्रिक गाडीत ड्रिल मारायचं माझं धाडस नाही. मजल्याखाली बॅटरी असते, जवळून नारिंगी रंगाच्या जाड वायरी गेलेल्या असू शकतात, आणि वॉरंटीचं भांडण वेगळंच.

लावताना चार गोष्टी शिकलो.

एक: पुढचं स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की आत हात जातो, स्टार स्क्रू दिसतो, बऱ्याचदा चाक काढावंच लागत नाही. काढायचंच असेल तर जॅक फक्त कंपनीने खूण केलेल्या जागी. बॅटरीच्या पेटीखाली कधीच नाही.

दोन: फ्लॅप बसवण्याआधी ती जागा धुऊन, पुसून कोरडी करा. फ्लॅप आणि रंग यांच्यामध्ये वाळू अडकली तर ती सँडपेपरसारखी रंग खाते. मी मध्ये पारदर्शक फिल्मची पट्टी लावली.

तीन: मऊ फ्लॅप घ्या. आपले स्पीड ब्रेकर आणि खड्डे बघता कडक तुकडा घासून तुटेल, नाहीतर क्लिपच उपटून काढेल.

चार: बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा, घरचे चार जण गाडीत बसवून परत फिरवा. टायर कुठे घासत नाही ना? आणि आठवड्याने स्क्रू पुन्हा तपासा.

फायदा मलाही झालाच. पुढच्या चाकाचे खडे दाराखालच्या रंगावर आपटायचे, ते कमी झाले. रेंज मात्र मी मोजत बसलो नाही. दोन किलोमीटर गेले असतील तर ते ताईच्या साडीच्या खात्यात.

एक खरं सांगतो. फ्लॅप फक्त सरळ मागे उडणारं पाणी अडवतो. डबक्यातून गेल्यावर बाजूला जी लाट उसळते, फुटपाथवरच्या आजोबांना नखशिखांत भिजवते, ती कुठलाही फ्लॅप अडवत नाही. त्याला एकच उपाय, पाय उचलणे. इलेक्ट्रिक गाडीत तर पाय उचलला की वेग लगेच उतरतो आणि थोडी वीजही परत मिळते. फुकटातला चांगुलपणा यापेक्षा सोपा कुठे मिळणार?

ताई परवा पुन्हा माझ्या मागे होती. पोचल्यावर निऱ्या तपासल्या, काही बोलली नाही. आमच्या घरात याला कौतुक म्हणतात.

तर मंडळी, तुमच्या गाडीमागे कोण असतं? एकदा आरशात बघा. भाग आवडला तर त्या माणसाला नक्की पाठवा.