सुभेदार दीन मुहम्मद : पाटण्याहून ब्रायटनपर्यंत

आमच्या मोहल्ल्यात फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार राहत असत. लहानथोर सगळेच त्यांना फौजीचाचा म्हणत. शाळकरी वयात आम्ही त्यांच्या ओट्यावर बसून लढाईच्या गोष्टी मागायचो आणि चाचा आम्हाला लंगरातल्या पातळ डाळीच्या, रेल्वेच्या लांब प्रवासाच्या, रजा नामंजूर झाल्याच्या गोष्टी सांगायचे. त्यांचा इंतकाल झाल्यावर त्यांची लोखंडी पेटी उघडली गेली. तिच्यात पदके होती, पेन्शनचे कागद होते आणि मुलींच्या शाळेच्या फीच्या पावत्या होत्या. पदके एका जुन्या मोज्यात कोंबलेली होती. पावत्या मात्र तारखेप्रमाणे लावून दोऱ्याने बांधलेल्या होत्या.

पुढे आम्ही उर्दू शाळेत इतिहास शिकवू लागलो तेव्हा ही पेटी वारंवार आठवू लागली. पाठ्यपुस्तकात बादशहा असतो, सरदार असतो, तह असतो. सैनिक मात्र नेहमी आकड्यात असतो : पाच हजार पायदळ, दोन हजार स्वार. त्या आकड्यातल्या एकालाही घर, आई, बायको, मुले होती हे वर्गात कधी सांगितले जात नाही. म्हणून अशा एखाद्या शिपायाचा आम्ही शोध घेत होतो, ज्याने आपली हकीकत स्वतःच्या हाताने लिहून ठेवली असेल. तो सापडला, पण परक्या मुलखात. त्याचे नाव शेख दीन मुहम्मद.

दीन मुहम्मद यांचा जन्म १७५९ साली पाटण्याचा. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत सुभेदार होते. त्या काळी हिंदी माणसाला कंपनीच्या पलटणीत यापेक्षा फार वर चढता येत नसे. वरचे सगळे हुद्दे गोऱ्यांचे. महसूल वसुलीवरून झालेल्या एका चकमकीत १७६९ मध्ये वडील मारले गेले. बिहार-बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला तो याच सुमारास. दहा-अकरा वर्षांचे हे पोरके पोर छावणीभोवती घुटमळू लागले आणि गॉडफ्रे इव्हान बेकर नावाच्या तरुण आयरिश अधिकाऱ्याच्या आश्रयाला गेले. आईने मुलाला घरी परत नेण्याचा प्रयत्न केला, पण तो गेला नाही. ही गोष्ट दीन मुहम्मद यांनी पुढे स्वतःच लिहिली आहे. लाल डगल्याचे आकर्षण आईच्या मायेपेक्षा मोठे ठरले, असे वाचताना वाटते. पण वडिलांविना वाढणाऱ्या मुलाला त्या डगल्यात वडीलही दिसत असतील, हे विसरू नये.

बेकरच्या मागोमाग तो मुलगा छावणीतच वाढला. पुढे त्याला जमादारी मिळाली आणि शेवटी वडिलांचाच हुद्दा, सुभेदारी. १७८१ मध्ये बनारसच्या राजा चेतसिंगाने वॉरन हेस्टिंग्जच्या वाढत्या मागण्यांविरुद्ध मान उचलली, तेव्हा ती मोडून काढणाऱ्या फौजेत दीन मुहम्मद होते. इकडे आपल्या मुलखात त्याच वर्षांत मराठे आणि कंपनी यांचे पहिले युद्ध चालू होते. म्हणजे ज्या फौजेची भाकर ते खात होते, ती फौज साऱ्या हिंदुस्थानच्या मानेवर जू ठेवत होती. ही गोष्ट झाकून त्यांचे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१७८२ मध्ये बेकरने नोकरी सोडली आणि दीन मुहम्मद यांनीही सोडली. १७८४ मध्ये दोघे जहाजाने निघून आयर्लंडच्या कॉर्क शहरी पोहोचले. दीन मुहम्मद तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. पुन्हा त्यांनी वतन पाहिले नाही.

कॉर्कमध्ये त्यांनी इंग्रजी पक्की केली. तिथे जेन डेली नावाची आयरिश तरुणी त्यांच्या आयुष्यात आली. घरच्यांचा विरोध होता म्हणून दोघे पळून गेले आणि १७८६ मध्ये त्यांनी लग्न केले. दीन मुहम्मद यांनी त्या देशात अँग्लिकन चर्चचा धर्म स्वीकारला. त्याच वर्षी बेकर वारला. आश्रयदाता गेला, मुलूख परका, आणि पदरात संसार. इथून पुढची त्यांची कहाणी फौजीची कमी आणि कुटुंबवत्सल माणसाची अधिक आहे.

१७९४ मध्ये त्यांनी आपला प्रवास पुस्तकरूपाने छापला. दोन भाग, अडतीस पत्रे. आगाऊ वर्गणी देणाऱ्यांच्या बळावर ते निघाले. हिंदी माणसाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले हे पहिले पुस्तक मानले जाते. छावणीच्या कूच-मुक्कामाबरोबरच मुसलमानांची सुंता, निकाह, मयत यांची वर्णने त्यात आहेत आणि ती तुच्छतेने केलेली नाहीत. धर्म बदललेला माणूस आपल्या जुन्या लोकांविषयी अदबीने लिहितो, ही गोष्ट आम्हाला मोलाची वाटते. पुस्तकात काही मजकूर इतर प्रवाशांच्या ग्रंथांतून उचललेला आहे हेही अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. तेही सांगितले पाहिजे.

१७९९ मध्ये लखनौचे मिर्झा अबू तालिब खान युरोपच्या सफरीवर असताना कॉर्कला आले. तिथे त्यांना दीन मुहम्मद भेटले आणि त्यांनी आपल्या फारसी सफरनाम्यात त्याची नोंद केली : बेकरने वाढवलेला मुलगा, पळून जाऊन केलेले लग्न, वेगळे घर, देखणी मुले, लिहिलेले पुस्तक. परक्या देशात एका हिंदुस्थान्याने दुसऱ्याचे घर पाहिले आणि लिहून ठेवले. त्या भेटीत ते कोणत्या भाषेत बोलले असतील? कित्येक वर्षांनी आपली जबान ऐकून दीन मुहम्मद यांना काय वाटले असेल? नोंदीत ते नाही. आखाती देशांत वर्षानुवर्षे रोजीसाठी राहिलेल्या आपल्या भावंडांना मात्र ते सांगावे लागणार नाही.

पुढे १८०७ च्या सुमारास हे कुटुंब लंडनला आले. पोर्टमन स्क्वेअर भागात बेसिल कॉक्रेन नावाच्या धनिकाच्या वाफेच्या स्नानगृहात दीन मुहम्मद यांनी नोकरी केली. १८१० मध्ये जॉर्ज स्ट्रीटवर त्यांनी ‘हिंदुस्तानी कॉफी हाऊस’ उघडले. वेताच्या खुर्च्या, हिंदुस्थानी देखाव्यांची चित्रे, मसाल्याचे जेवण, स्वतंत्र खोलीत हुक्का. इंग्लंडमध्ये हिंदी माणसाने चालवलेली ही पहिली खाणावळ. पण ती चालली नाही. १८१२ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले. पन्नाशी ओलांडलेल्या, पोराबाळांच्या या माजी सुभेदाराने मग वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की कुणाच्या घरी खानसाम्याची किंवा तत्सम नोकरी असेल तर आपण ती करू. आम्हाला विचाराल तर त्यांच्या साऱ्या चरित्रात ही जाहिरात सर्वांत मोठी आहे. सुभेदारीचा ताठा घेऊन बसणारा माणूस ती देऊ शकला नसता.

१८१४ मध्ये ते ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी गेले. आपल्याकडची चंपी आणि औषधी वाफ यांचा मेळ घालून त्यांनी सांधेदुखी, लकवा अशा रोग्यांवर उपचार सुरू केले. इंग्रजीतला ‘शाम्पू’ हा शब्द चांपणे-चंपीच्याच घराण्यातला. तो तिथे आधीपासून होता, पण शहरभर गाजवला तो या माणसाने. किनाऱ्यावर त्यांचे मोठे स्नानगृह उभे राहिले. बरे झालेले रोगी आपल्या कुबड्या तिथे ठेवून जात आणि त्या भिंतीवर टांगल्या जात. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांनी त्यांना आपले ‘शाम्पूइंग सर्जन’ नेमले. पाटण्याचा पोरका पोर राजाच्या खांद्यांवर हात ठेवण्याइतका जवळ पोहोचला.

याच काळात त्यांनी एक लबाडी केली. १८२२ मध्ये उपचारांवर पुस्तक काढताना त्यांनी आपले जन्मसाल १७४९ सांगितले आणि फौजेत जाण्याआधी वैद्यकी शिकल्याचा दावा केला. दहा वर्षे वाढवली, कारण शिक्षणासाठी तेवढी जागा हवी होती! गोरा डॉक्टर असता तर त्याला कुणी सनद विचारली असती की नाही, हा प्रश्न रास्त आहे. तरी खोटे ते खोटेच. आम्ही विद्यार्थ्यांना दोन्ही पुस्तकांतील सन फळ्यावर लिहून देतो आणि वजाबाकी करायला लावतो. माणूस स्वतःविषयी लिहितो तेही तपासून घ्यावे लागते, हा धडा त्या वजाबाकीत मिळतो.

उतारवयात ती मोठी इमारत हातची गेली. लोकही हळूहळू विसरले. डिसेंबर १८५० मध्ये जेन वारल्या आणि दोनच महिन्यांनी, २४ फेब्रुवारी १८५१ रोजी, दीन मुहम्मद गेले. चौसष्ट वर्षांची सोबत होती. ब्रायटनच्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. पुढे शतकभर त्यांचे नाव फारसे कुणी घेतले नाही. १९९० च्या दशकात मायकेल फिशर या इतिहासकाराने त्यांचे चरित्र आणि प्रवासवर्णन पुन्हा उजेडात आणले. २००५ मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर त्या खाणावळीची आठवण देणारी पाटी लागली.

पण त्यांची खरी आठवण पाटीत नाही, घराण्यात आहे. एका मुलाने ब्रायटनचा स्नानगृहाचा धंदा सांभाळला, एकाने लंडनला, एकाने तलवारबाजी आणि कसरतीची शाळा काढली. या तिसऱ्या मुलाचा मुलगा फ्रेडरिक अकबर मुहम्मद, जन्म १८४९. तो लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये डॉक्टर झाला. नाडीचा आलेख काढणाऱ्या यंत्रात त्याने सुधारणा केली आणि मूत्रपिंडाचा विकार नसतानाही, वरकरणी निरोगी दिसणाऱ्या माणसाचा रक्तदाब वाढलेला असू शकतो, हे दाखवून दिले. १८८४ मध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, तो विषमज्वराने गेला. आज आपल्या घराघरात न्याहारीनंतर ‘बीपी’ची गोळी घेतली जाते. तिच्यामागच्या विद्येत पाटण्याच्या सुभेदाराच्या नातवाचा वाटा आहे. दुसरा एक नातू ब्रायटनशेजारच्या होव्ह गावी पाद्री झाला. म्हणजे चर्चच्या पाद्र्याचे आडनाव मुहम्मद!

हे सारे आम्ही वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, “सर, वो अपनेच थे ना?” बी.एड.ला आम्हाला शिकवले होते, की पाठाचा उद्देश टाचणवहीत आधी लिहावा. या पाठाचा उद्देश आम्ही लिहिला नव्हता. त्या प्रश्नाने तो लिहायला लावला.

दीन मुहम्मद यांना आपले म्हणून मिरवणे सोपे आहे : पहिला लेखक, पहिली खाणावळ, राजाचा वैद्य. त्यांना झटकून टाकणेही तितकेच सोपे आहे : कंपनीचा चाकर, दीन सोडलेला, वय चोरलेला. दोन्हींत कष्ट नाहीत. आपल्या समाजाला या दोन सवयी फार जडल्या आहेत. एक तर आपण माणसाला मिरवणुकीत बसवतो, नाही तर यादीतून खोडतो. जसा होता तसा त्याला घरात बसवून त्याची हकीकत ऐकत नाही. मग आपल्या इतिहासात फक्त नवाब उरतात आणि आपल्या वस्त्यांतले शिपाई, खलाशी, बावर्ची, आखातात राबलेले मिस्त्री यांच्या पेट्या न उघडताच भंगारात जातात.

श्रद्धेचा हिशेब घेणारा अल्ला आहे, तो शिक्षकाचा विषय नाही. आमच्यापुढे आहे तो माणसाचा माग. या माणसाने देश सोडला, फौज सोडली, धर्म बदलला, धंदे बदलले, वयसुद्धा बदलले. बापाकडून मिळालेले नाव मात्र पाटीवरून उतरवले नाही, आणि ज्या देशात ते नाव धंद्याला अडचणीचे ठरू शकले असते तिथे ते मुलांना, नातवंडांना दिले. त्या मुलाला आम्ही एवढेच उत्तर दिले, की आपले होते की नाही ते सावकाश ठरवू, आधी त्यांना नीट ओळखू. आणि घरचा अभ्यास दिला : आपल्या दादा-नानाची पेटी, ट्रंक, थैली जे असेल ते घरच्यांच्या परवानगीने उघडा, आत काय आहे ते लिहून आणा.

सदतीस मुलांपैकी एकतीस जणांनी लिहून आणले. कुणाकडे जहाजाचे ओळखपत्र निघाले, कुणाकडे गिरणीचा पास, कुणाकडे मनिऑर्डरच्या पावत्या. त्याही दोऱ्याने बांधलेल्या.