पाहुण्या संचालकाची परीक्षा

'म्युझिक डायरेक्टर' म्हटले की मराठी वाचकाच्या मनात चित्रपटगीतांना चाली लावणारा संगीतकार उभा राहतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदांत या पदाचा अर्थ निराळा आहे. ऐंशी-शंभर वादकांच्या संस्थेचा तो संगीतप्रमुख असतो. वर्षभरात काय वाजवायचे, कोणाला निमंत्रण द्यायचे, रिकाम्या झालेल्या जागी कोणता वादक घ्यायचा, या सर्वांत त्याचा शब्द महत्त्वाचा असतो. परंतु संपूर्ण हंगाम तो एकटा चालवीत नाही. कित्येक आठवडे पाहुण्या संचालकांकडे सोपवलेले असतात. आणि प्रमुखाची जागा रिकामी होणार असेल, तर याच पाहुण्यांतून उद्याचा प्रमुख शोधला जातो.

पाहुण्याच्या वाट्याला एक आठवडा येतो. तीन-चार तालमी, दोन-तीन मैफली, आणि परतीचा प्रवास. श्रोत्यांना दिसते ती मैफल. खरी परीक्षा होते ती तालमीत. थोडक्या वेळात नेमके काय दुरुस्त करायचे हे त्याला कळते का, चूक दाखवताना तो वादकाचा मान राखतो का, साथ करताना एकल वादकाचे ऐकतो का, हे वादकांना पहिल्या तासाभरातच उमगते. आपल्याकडील कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाशी याचे साम्य आहे. फरक इतकाच, की बोलणी पक्की करतात विश्वस्त, आणि संसार करायचा असतो वादकांनी. संचालक निवडण्याचा अधिकार कोणाचा, हा जुना वाद याच फरकातून उद्भवला आहे.

या वादाच्या इतिहासातील एक प्रकरण मुंबईच्या एका सुपुत्राशी निगडित आहे. 1935 साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन करणाऱ्या मेहली मेहता यांचे चिरंजीव झुबिन 1954 मध्ये व्हिएन्नाला शिकावयास गेले. 1958 साली लिव्हरपूलची संचालन स्पर्धा त्यांनी जिंकली. पुढची दोन्ही दारे मात्र दुसऱ्याच्या गैरहजेरीमुळे उघडली. 1960 मध्ये मॉन्ट्रियलला इगोर मार्केविच यांच्या जागी, आणि 1961 मध्ये लॉस एंजेलिसला आजारी फ्रिट्झ रायनर यांच्या जागी ते उभे राहिले. लॉस एंजेलिसचे प्रमुखपद तोवर गेओर्ग शोल्टी यांनी स्वीकारलेले होते. रुजू होणे तेवढे बाकी होते. विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षा डोरोथी चँडलर यांनी शोल्टींना न विचारता या तरुण पाहुण्याला साहाय्यक संचालक नेमले. आपल्या अधिकारावर हे आक्रमण आहे असे मानून शोल्टींनी 1961 मध्ये राजीनामा दिला. 1962 साली प्रमुखपद मेहतांकडे आले आणि 1978 पर्यंत राहिले. शोल्टी 1969 मध्ये शिकागोला गेले व तेथे त्यांनी 22 वर्षे गाजवली.

मेहतांनी लॉस एंजेलिसमध्ये जे घडविले ते पाहता चँडलरबाईंची निवड चुकली असे कोण म्हणेल? पण निवड योग्य ठरली म्हणून निवडीची रीतही योग्य ठरत नाही. या दोन गोष्टींची गल्लत इतिहास लिहिताना वारंवार होते.

हीच गल्लत टाळण्यासाठी बाल्टिमोरचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. 1916 साली तेथील सिंफनी ऑर्केस्ट्रा नगर प्रशासनाचा एक विभाग म्हणून जन्मास आला. 1942 मध्ये तो खासगी संस्था झाला. न्यूयॉर्क वा शिकागोचे वलय त्याला कधीच नव्हते. आपल्या शहराचा आणि प्रांताचा वाद्यवृंद हीच त्याची ओळख. युरी तेमिरकानोव यांची मुदत 2006 मध्ये संपणार होती. जुलै 2005 मध्ये विश्वस्तांनी मरिन ऑलसॉप यांचे नाव निश्चित केले. अमेरिकेतील एखाद्या मोठ्या वाद्यवृंदाचे प्रमुखपद तोवर कोणा स्त्रीला मिळाले नव्हते. परंतु शोध इतक्यात थांबवू नये, असे सुमारे 90 टक्के वादकांचे मत असल्याचे त्यांच्या प्रतिनिधींनी जाहीर केले. जगभरच्या वृत्तपत्रांतून हा तंटा गाजला. आक्षेप निवडीच्या घाईला आहे, असे वादक सांगत होते. स्त्री असल्यामुळेच हा विरोध, अशी शंका बाहेर अनेकांना येत होती. ती शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही, कारण संचालकाच्या चौथऱ्यावर स्त्रीला पाहण्याची सवय त्या जगाला नव्हती. तरीही वादकांच्या म्हणण्याला केवळ पूर्वग्रह म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल.

ऑलसॉप यांनी या वेळी जे केले ते आम्हांला फार मोलाचे वाटते. विश्वस्तांच्या ठरावाची ढाल पुढे न करता त्या स्वतः वादकांसमोर गेल्या आणि बोलल्या. वातावरण निवळले. 2007 च्या हंगामापासून 2021 पर्यंत त्या तेथे होत्या. 2008 मध्ये त्यांनी शहरातील गरीब वस्तीच्या शाळेत 'ऑर्ककिड्स' हा वाद्यशिक्षणाचा उपक्रम सुरू केला. पहिली मुले होती 30.

त्यांच्या उत्तराधिकाऱ्याची निवड पाहुण्याच्या आठवड्यातूनच उमलली. मार्च 2022 मध्ये जोनाथन हेवर्ड बाल्टिमोरला प्रथम आले. शोस्ताकोविचची पंधरावी सिंफनी, जी या वाद्यवृंदाने तोवर वाजवलेली नव्हती, ती त्यांनी बसवली. लगेच युक्रेनच्या मदतीसाठी झालेल्या मैफलीला त्यांना पुन्हा बोलावणे गेले, आणि जुलैमध्ये नाव जाहीर झाले. 2023 मध्ये ते रुजू झाले. या वेळी वादकांच्या विरोधाचा गलबला उठला नाही.

मग सारे वादकांच्याच मतावर सोडावे काय? बर्लिन फिलहार्मोनिकचे वादक आपला प्रमुख स्वतः निवडतात. पण 11 मे 2015 रोजी तब्बल अकरा तास बसूनही त्यांचे एकमत झाले नाही. जूनमध्ये पुन्हा मतदान करून त्यांनी किरिल पेट्रेंको यांना निवडले. पेट्रेंको तोवर तेथे अवघ्या तीनदा पाहुणे म्हणून गेले होते. मतपेटी हे काही जादूचे यंत्र नव्हे. आणि ज्या संस्थेची तूट विश्वस्तांना भरून काढावी लागते, तेथे त्यांना निर्णयापासून दूर ठेवणेही शक्य नसते.

आमच्या मते या साऱ्या घटनांतून पद आणि अधिकार यांतील भेद स्पष्ट होतो. पद ठरावाने मिळते. अधिकार मात्र तालमीच्या खोलीत, वाद्ये हाती घेऊन बसलेल्या माणसांकडूनच मिळतो, आणि तोही रोज नव्याने मिळवावा लागतो. संचालकाच्या हातातील छडीतून स्वतःचा असा एकही स्वर निघत नाही. जो निघतो तो समोरच्यांच्या संमतीने. विश्वस्तांनी निवड जरूर करावी, पण त्या संमतीची वाट पाहण्याइतका धीर त्यांच्यापाशी असावा.